जावावाल्या बाई

बाई स्क्रीनवर बोट टेकवायच्या. लांबून दाखवायच्या नाहीत, टेकवायच्या, अगदी दाबून. आणि विचारायच्या, "हा कुठल्या पाड्यावरचा?"

बोटाखाली बिचारा एखादा व्हेरिएबल असायचा. ज्याने तो लिहिलेला असे तो विद्यार्थी चाचरत म्हणायचा, बाई, हा इंटिजर, म्हणजे आकडा. मग ह्याला स्ट्रिंगच्या, अक्षरांच्या घरात कशाला घुसवलास, त्यांनी ओळखला नाही, दारातूनच परत पाठवला, असं म्हणून बाई पुढच्या स्क्रीनकडे वळायच्या. पोरं हसायची आणि हसता हसता चूक दुरुस्त करायची. संध्याकाळी लॅबमधल्या एकूण एक स्क्रीनवर बाईंच्या बोटांचे ठसे असायचे. ते ओल्या फडक्याने पुसणं माझ्याकडे होतं, कारण लॅब माझ्या ताब्यात होती. पुसताना मी काय काय पुटपुटायचे ते इथे लिहीत नाही.

तुम्ही डहाणू-तलासरीकडचे असाल तर पाड्याचा प्रश्न तुम्हाला समजावायला नको. आमच्याकडे अनोळखी माणसाला नाव नंतर विचारतात. आधी गाव, मग पाडा, मग कोणाचा तू. तेवढं कळलं की त्याला ओटीवर बसवायचं की आत घ्यायचं हे आपोआप ठरतं. जावा नावाची संगणकाची भाषा नेमकं हेच करते. प्रत्येक गोष्ट कुठल्या प्रकारची ते आधी सांगावं लागतं, आणि ती भलत्या जागी शिरायला लागली की कंपायलर नावाचा राखणदार तिला अडवतो. ह्याला टाइप चेकिंग म्हणतात. मी हे वर्षानुवर्षं शिकवत आले होते, व्याख्येसकट, उदाहरणासकट. पण मला कधी पाडा आठवला नाही. ह्याचा राग मला अजून आहे, आणि तो स्वतःवर असायला हवा हे कळूनही तो बाईंवरच आहे.

आमचं कॉलेज डहाणूहून तलासरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. संगणक विभागात आम्ही दोघीच. मी कायम, बाई तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक आणि जेवढे तास तेवढंच काम. मी समुद्राकाठच्या बंदरपट्टीची, चिकूच्या वाडीत वाढलेली. त्या उधव्याच्या, पार गुजरातच्या हद्दीजवळच्या. विभाग सुरू झाला तेव्हापासून जावा माझ्याकडे होती. बाजारात, बँकेत, रिक्षा स्टँडवर मला ओळखणारे लोक मला 'जावावाल्या मॅडम' म्हणूनच ओळखत. एखाद्याला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नव्हतं.

मुलं वाढली, दुसरी तुकडी काढावी लागली आणि ती तुकडी शिकवायला बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात पोरांनी त्यांना 'बाई' करून टाकलं. मी मॅडम, त्या बाई. तुम्ही म्हणाल, मॅडममध्ये मान जास्त. असेल. पण हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेते ती बाई असते, आणि पोरं तिला म्हातारपणीही रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. मॅडमला फार तर गुड मॉर्निंग मिळतं. स्टाफरूममध्ये लगेच चेष्टा सुरू झाली की संगणक विभागात आता दोघी जावा नांदतायत, भांडी कधी वाजतात बघू. मी सगळ्यांबरोबर हसले. घरी येऊन भांडी मीच वाजवली.

आता बाईंमध्ये दोष नव्हते असं समजू नका. मी त्यांची यादी पाठच केली होती. त्या रोज उशिरा यायच्या आणि जीप भरली नव्हती असं शांतपणे सांगायच्या, जणू जीप भरणं हा निसर्गनियम आहे. त्यांचं फळ्यावरचं अक्षर डावीकडून निघून उजवीकडे उतरणीला लागायचं. माझी पेनं नेली की ती परत यायची नाहीत. ताडगोळ्यांच्या दिवसांत त्या पिशवीभर ताडगोळे घेऊन लॅबमध्ये यायच्या, आणि लॅबमध्ये खायला बंदी आहे ही मी स्वतः लावलेली पाटी त्यांच्या डोक्यामागे असायची. एक ताडगोळा मलाही द्यायच्या. मी खायचे. तो गोड असायचा ह्याचंही मला वाईट वाटायचं.

आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. आपण शिकवता शिकवता पलीकडचं ऐकायचं नाही असं ठरवलं तरी कान ऐकतात. त्या दिवशी दोन्हीकडे एनम चालू होता. एनम म्हणजे मोजक्या, आधीच ठरलेल्या किमतींचा संच; त्यात नसलेलं काही प्रोग्राम स्वीकारतच नाही. मी नेहमीसारखे आठवड्याचे सात वार फळ्यावर लिहिले. माझी पोरं निमूट उतरवून घेत होती. पलीकडे बाईंनी काहीच लिहिलं नव्हतं. त्या फक्त विचारत होत्या, "नवीन येऊ शकतो का?"

वरोरच्या मच्छीमार घरातली एक मुलगी म्हणाली, बाई, भरती आणि ओहोटी. नवीन येऊ शकतो का? नाही. मग तो एनम. दुसरा म्हणाला, जाळ्यात येणारी मासळी. नवीन येऊ शकते का? वरोरची मुलगी म्हणाली, येते की, मागच्या वर्षी आमच्या बाबांना नाव माहीत नाही असा मासा मिळाला. मग तो एनम नाही. कोणीतरी पाडे म्हटलं; ते बाद झाले, कारण भाऊ वेगळे झाले की नवा पाडा पडतो. मग कोणीतरी गावचे देव म्हटलं आणि जो वाद पेटला तो तास संपला तरी विझेना. देव ठरलेले आहेत म्हणणारे एका बाजूला, देव वाढतात म्हणणारे दुसऱ्या बाजूला. बाई मध्ये न पडता ऐकत बसल्या होत्या. माझ्या वर्गातल्या पोरांनी लिहिणं थांबवून माना पार्टिशनकडे वळवल्या होत्या. मी फळ्यावर शुक्रवार लिहीत होते. त्या शुक्रवारच्या पुढे मला जाववेना.

सिंगलटनचं तर विचारूच नका. एका क्लासची, म्हणजे एका साच्याची, सबंध प्रोग्राममध्ये एकच वस्तू असावी, कुणीही मागितली तरी तीच मिळावी, दुसरी कुणाला बनवताच येऊ नये, ह्याला सिंगलटन म्हणतात. आमची पोरं हे पाठ करायची आणि परीक्षेत दोन बनवून ठेवायची. बाई म्हणाल्या, आमच्याकडे लग्न कोण लावतं? धवलेरी. ती गाणार, ती विधी करणार. नवरीकडचा हाक मारो की नवऱ्याकडचा, येणार तीच. तुम्ही आपापल्या घरी एकेक धवलेरी तयार करून आणली तर मांडवात दोन गाणी सुरू होतील आणि लग्न कुठलं लागलं ते देवालाही कळणार नाही. पोरं लोटपोट. आणि मग बाईंनी सहज सांगून टाकलं की हे करायची सोपी रीत म्हणजे एकच किंमत असलेला एनम. बस, भाषा स्वतःच राखण करते, दुसरी होऊच देत नाही.

ही युक्ती मला माहीत होती. एका जाड पुस्तकातून मी ती खूप आधी शोधून ठेवली होती, आणि पोरांना झेपायची नाही म्हणून कधी सांगितली नव्हती. आपल्या डब्यातली राखून ठेवलेली बर्फी दुसऱ्याने वाटून टाकावी तसं मला झालं.

माझी मुलगी त्याच कॉलेजात, बाईंच्या तुकडीत होती. आईच्या वर्गात नको म्हणून मीच तिला तिकडे घातलं होतं. एका संध्याकाळी मी तिला घरी काहीतरी समजावत होते. तिने नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, आई, हे बाईंनी सांगितलंय." तिच्या वडिलांनी ताटात डोकं घातलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

एकदा मला ताप भरला आणि मी चार-पाच दिवस घरी होते. बाईंनी माझे तास घेतले. मी परत आल्यावर पोरांना विचारलं कुठवर आलंय, तर ती म्हणाली, बाईंनी नवीन काही घेतलं नाही. "मॅडमनी शिकवलेलंच मी फिरून घेते, त्यांच्याइतकं नीट मला जमत नाही," असं त्यांनी वर्गाला सांगितलं होतं. आता अशा माणसाचं करायचं काय? वाईट असत्या तर माझं काम किती सोपं झालं असतं.

मग मुलं कमी झाली. प्राचार्यांनी आम्हाला दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की पुढच्या वर्षीपासून जावाच्या दोन तुकड्यांची एकच होणार आणि ती एकीकडेच राहील. दुसरीकडे ऑफिस ऑटोमेशन, म्हणजे पत्र कसं टाईप करावं आणि समास किती सोडावा. जावा माझ्याकडे आली तर बाईंकडे इतके कमी तास उरणार होते की त्यांना दुसरीकडे बघावं लागलं असतं. बाईंकडे गेली तर मी पोरांना समास शिकवणार होते. निर्णय प्रवेशाचे दिवस पार पडल्यावर, असं ते म्हणाले. मला काय हवं होतं हे मी लपवत नाही. मला जावा हवी होती. बाई कुठे जातील हा विचार माझ्या मनात यायचा आणि मी त्याला बसायला खुर्ची द्यायचे नाही.

प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे एकेका पाड्याची माणसं एकेका जीपने येतात. विद्यार्थी एक, बरोबर घरची सगळी. दर वर्षी खिडकीवर चेंगराचेंगरी व्हायची. म्हणून प्राचार्यांनी टोकन देणारा प्रोग्राम करायला सांगितला. तो बाईंनी केला. मी जुना काढून दाखवला होता, पण त्यात कोणीही काहीही लिहावं आणि प्रोग्रामने ते गिळावं असा प्रकार होता. बाईंचा कडक होता. टोकनचे आकडे देणारा एकच, दोन्ही खिडक्यांना तोच. त्यामुळे एक नंबर दोघांना जाणं शक्य नाही. तालुक्यांचा एनम, तालुका निवडला की कुठली खिडकी आणि कुठली कागदपत्रं ते प्रोग्रामच सांगणार. यादीत शेवटी 'इतर' ठेवा असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, 'इतर' ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. डहाणू, तलासरी, पालघर, जव्हार, विक्रमगड, सगळे घातले. नवीन येऊ शकतो का? त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच नाही म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत चाललं. पोरं, आयाबाया, आजोबा टोकन हातात धरून झाडाखाली शांत बसले होते. असं दृश्य आमच्या कॉलेजने कधी पाहिलं नव्हतं. प्राचार्य स्वतः व्हरांड्यात येऊन बघून गेले. मी लॅबमध्ये जाऊन पुसलेल्या स्क्रीन पुन्हा पुसल्या.

आणि मग खिडकी अडली. एक आई मुलीला घेऊन उभी होती. कागद सगळे नीट, पत्ता गुजरातचा. हद्दीपलीकडचं गाव, उधव्याहून चालत जाता येईल असं. कारकुनाने यादी वरखाली केली; त्यात तिचं कुठेच काही नव्हतं, आणि तालुका निवडल्याशिवाय प्रोग्राम पुढे हलेना. तिच्या मागे तशाच आणखी दोघी. रांगेत कुजबुज सुरू झाली. त्या आईने खिडकीशी वाकून विचारलं, "अमारूं गाम नथी?" आमचं गावच नाही का.

बाई धावत आल्या आणि तिला बघून जागच्या जागी थांबल्या. ती त्यांची सख्खी मामी होती. मला तेव्हा सगळं उमगलं. तुम्ही नकाशा बघता तेव्हा तिथे रेघ असते. उधव्याच्या माणसाला ती रेघ दिसत नाही. पलीकडचे उधव्याच्याच बाजाराला येतात, इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे. बाईंच्या मनात ते सगळे तलासरीतच जमा होते. म्हणून ते यादीत घालायचे राहिले. मलाही सुचलं नव्हतं, कारण आम्हा बंदरपट्टीवाल्यांना हद्दीची आठवणच होत नाही. पण प्रोग्राम माझा नव्हता. मला आनंद झाला. थोडा नाही, चांगला उकळी फुटेल एवढा झाला.

बाई कपाळावर हात मारून हसायला लागल्या. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "जगाला पाडा विचारते आणि माझीच मामी बाहेर ठेवली." मामी हसली, रांग हसली, कारकूनही हसला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही बसा. मी मामीला बघते. तुम्ही कराल ते बरोबर होईल."

मी खुर्चीत बसले. एनममध्ये एक किंमत वाढवली. लगेच कंपायलरने अडवायला सुरुवात केली: ह्या नव्या किमतीला खिडकी कुठली ते सांगितलेलं नाही, कागद कुठले ते सांगितलेलं नाही, अमुक ठिकाणी विसरलात, तमुक ठिकाणी विसरलात. बाईंनी प्रोग्राम असा रचला होता की विसरलेली एकही जागा लपून राहू नये. मी एकेक उत्तर देत गेले. तोवर बाईंनी मामीला बाकावर बसवून पाणी दिलं होतं. रांग पुन्हा चालू झाली. मामीला टोकन माझ्या हाताने दिलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला वाटलं, झालं, जावा माझी.

संध्याकाळी प्राचार्य लॅबमध्ये आले. मी उभी राहिले. ते म्हणाले, "मॅडम, बाईंनी काय सुरेख लिहिलंय हो. तुम्ही न लिहिलेला प्रोग्राम तुम्हाला चहा निवायच्या आत दुरुस्त करता आला, म्हणजे बघा." प्रवेश आटोपल्यावर निर्णय लागला: जावा बाईंकडे गेली.

चूक त्यांची, दुरुस्ती माझी, कौतुक त्यांचं. बरं, नुसतं प्राचार्यांचं नाही. खिडकी अडली त्या दिवसानंतर हद्दीपलीकडची पोरं वर्गात येताना आधी बाईंना भेटायला लागली. आम्हाला विसरलेल्या त्या बाई कोण, म्हणून. माझ्या एवढ्या वर्षांच्या बिनचूक शिकवण्याने जे झालं नाही ते त्यांच्या एका चुकीने केलं. निर्णय कळला त्या रात्री मी जेवले नाही. माझं डोकं दुखतंय असं घरी सांगितलं. मुलीने विचारलं, बाईंमुळे का? हुशार आहे पोरगी.

पुढचं वर्ष मी समास शिकवला. पार्टिशनच्या अलीकडे माझी पोरं पत्रं टाईप करत बसायची आणि मी भिंतीला टेकून उभी राहायचे. सुरुवातीला चुका शोधायला ऐकत होते. दिवाळीनंतर नुसतीच ऐकत होते. बाईंना जीप मिळाली नाही आणि तास बुडाला की माझा दिवस खराब जायचा. एकदा त्यांनी पलीकडून मोठ्याने विचारलं, "मॅडम, हे बरोबर ने?" म्हणजे मी ऐकते हे त्यांना ठाऊक होतं. मी हो म्हणाले. दोन्ही वर्ग हसले.

वर्षाच्या शेवटी बाईंना वापीच्या एका कंपनीत काम मिळालं. नव्याने भरती झालेल्या पोरापोरींना जावा शिकवायची, आणि नेमणूक कायमची. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं नाही, रडल्या फक्त. नंतर लॅबमध्ये मला गाठलं आणि म्हणाल्या, "पोरं तुमच्याकडे देते, मॅडम. फार विचारतात. रागावू नका त्यांना." देते म्हणाल्या. जणू पोरं त्यांच्या घरची. आधी ती माझीच होती हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि सांभाळून जा एवढंच म्हणाले.

आता जावा माझ्याकडे आहे. पोरं खरंच फार विचारतात. वर्ग चांगला होतो. कधी कधी तर खूपच चांगला होतो. पलीकडे समास शिकवायला एक नवा मुलगा आला आहे, तो भिंतीला टेकत वगैरे नाही.

मध्ये सासूबाईंचे डोळे दाखवायला वापीला गेले होते. परतताना आम्ही मेमूची वाट बघत फलाटावर बसलो होतो, तर समोरच्या फलाटावर बाई. भोवती पाच-सहा तरुण पोरंपोरी, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. एक मुलगी त्यांना हातवारे करून काहीतरी तावातावाने पटवत होती. बाई ऐकता ऐकता तिच्या हातातल्या पुडीतले दाणे खात होत्या, आणि तिला ते चालत होतं. मधे फक्त दोन रूळ होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण ती मुलगी बोलायची थांबेना, आणि बाईंची मान तिच्याकडून हलेना.

आमची गाडी आली. खिडकीतून मी बघतच होते. सासूबाईंना नीट दिसत नव्हतं, त्यांनी विचारलं, "कोण गं तिकडे? इतकं काय बघतेस?"

"आमच्या बाई आहेत," मी म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत त्या दाणेवाल्या मुलीकडे रागाने बघत राहिले.